आतून आवाज येतोय

९ मार्च

ती. मामा,

साष्टांग नमस्कार घातला असं समजा. माझ्या खोलीत पलंग आणि भिंतीच्या मध्ये आडवं व्हायला जागा नाही.

मामी म्हणाली, तुझे मामा फोनवर बोलायचे नाहीत, समोर तोंड दिसल्याशिवाय त्यांना भांडता येत नाही. तू कागदावर लिहून फोटो पाठव, तेही तसंच उत्तर देतील. म्हणून हा खटाटोप. मला मोटरसायकल घ्यायची आहे, आणि या विषयात आपल्या घरात तुमच्याशिवाय विचारायचं कोणाला? तुम्ही गुरांचे डॉक्टर म्हणून तुमच्या मोटरसायकलवरून, त्या काळीवरून, गावोगाव हिंडलात. मी आता माणसांची नर्स म्हणून घरोघर हिंडते, एवढाच काय तो फरक. गायी उलट बोलत नाहीत, म्हणून तुमचं बरं चाललं.

झालंय असं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायची, कूस बदलायची, गोळ्या द्यायच्या, हे माझं काम. आजवर माझी जोडीदारीण तिच्या गाडीतून मला न्यायची. ती बाळंतपणाच्या रजेवर चालली. आमच्या मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं की एक तारखेपासून स्वतःचं वाहन हवं. नसेल तर करार संपला, आणि करार संपला की इथे राहायचा परवानाही संपला. म्हणजे बॅग भरा आणि घरी या. बस म्हणाल तर ती टेकडीच्या पायथ्याशी सोडते, आणि माझे निम्मे पेशंट टेकडीवर. सगळ्यात वर एक आजी आहेत, त्यांच्या पाठीच्या जखमेला नुकती खपली धरू लागलीय. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नाहीत. मलाही देत नव्हत्या, पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या तेव्हा कुठे कुशीवर वळल्या.

नव्या गाडीच्या दुकानात गेले होते. विकणाऱ्या मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझा राहायचा परवाना बघितल्यावर विचारलं, "तुम्ही मध्येच निघून गेलात तर हप्ते कोण भरणार?" मी म्हटलं, निघून जायला लागू नये म्हणूनच गाडी घेतेय ना बाई. ती नुसती हसली. ते हसू मला इथल्या प्रत्येक खिडकीवर मिळतं. परक्या माणसासाठी वेगळं काढून ठेवलेलं असतं बहुतेक.

आता किराणा दुकानाच्या फळ्यावर एक चिठ्ठी बघितलीय. जुनी हिरवी मोटरसायकल, मालक शाळेत सुतारकाम शिकवायचे, आता निवृत्त. मी त्यांना गुरुजी म्हणते. रविवारी बघायला जायचंय. काय बघू, काय बोलू, सगळं लिहा. लहानपणी मी काळीच्या टाकीवर औषधांची बॅग कवटाळून बसायचे तेवढाच माझा अभ्यास.

तुमची भाची

११ मार्च

चि. भाचीबाईस आशीर्वाद.

खुशाल आहेस हे कळलं, कारण टोमणे मारायला ताकद आहे.

नीट वाच. पहिलं, गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेव. गरम लागलं तर समज की गडी सकाळपासून गाडी चालू करायच्या खटपटीत होता. थंड गाडी आपल्यासमोर सुरू करायला लाव. चेन ओढून बघ, पुढचं चाक उचलून हलवून बघ, सायलेन्सरमधून धूर कोणत्या रंगाचा येतो ते बघ.

दुसरं, आणि हेच खरं. गाडी आवडली तरी चेहऱ्यावर दिसता कामा नये. तुझा स्वभाव म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. सहा वर्षांची होतीस तेव्हा बाजारात शेळीच्या गळ्यात पडून रडायला लागलीस आणि त्या माणसाने भाव एक पैशाने उतरवला नाही. वस्तूला नावं ठेवल्याशिवाय भाव उतरत नाही, हे लक्षात ठेव. सीटला नावं ठेव, आरशाला ठेव, रंगाला ठेव. सगळं संपलं की कान टवकार, कपाळाला आठी घाल आणि म्हण, "आतून आवाज येतोय." येत नसला तरी म्हण. हे ऐकलं की भलेभले गडबडतात, कारण आतलं कोणालाच दिसत नसतं.

मग उठायचं आणि चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत हाक येते. मी आयुष्यभर म्हशी, बैल, गाड्या आणि मामीसाठी कपाट असंच घेतलंय.

तुझा मामा

(कपाटाचं दार अजून लागत नाही. जेवणाच्या वेळा पाळतेस ना? — मामी)

१६ मार्च

ती. मामा,

नमस्कार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

तुमचं पत्र पाठ करून गेले. (पाठ करायला वेळ लागला, कारण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मला शुद्धलेखनाला पट्टी मारणारे ते हेच का?) गुरुजींच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली, जमिनीवर कचऱ्याचा कण नाही. आणि मधोमध ती हिरवी. मामा, मला ती बघता क्षणी आवडली. तुमच्या काळीसारखाच गोल दिवा, आणि टाकी अशी की कुणी पोर बसवावं. पण मी चेहरा दगडासारखा ठेवला.

इंजिन थंड होतं. पहिल्या किकला सुरू झाली. मग मी सुरुवात केली. सीट उसवलीय. आरसा हलतोय. चेन सैल आहे. हा रंग काही बरा नाही. मला इथली भाषा मोडकीतोडकीच येते, त्यामुळे गोड बोलायचे शब्द येत नाहीत, नुसते दोषच तोंडातून बाहेर पडत होते. गुरुजी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. शेवटी मी कान टवकारला आणि म्हटलं, "आतून आवाज येतोय."

त्यांनीही कान लावला. बराच वेळ. मग चेहरा उतरला त्यांचा. मी उठले, नमस्कार केला आणि निघाले.

हाक आली नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचले, तिथे बुटाची नाडी सोडून परत बांधली. दुसऱ्याही बुटाची बांधली. समोरच्या खिडकीतल्या बाई बघायला लागल्या तेव्हा घरी आले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर लाज गुंडाळून परत गेले. शेडमध्ये जाजम अंथरलेलं, आणि त्यावर माझी गाडी. म्हणजे गाडी नाहीच, तिचं सामान. चाक इकडे, सीट तिकडे, इंजिन पोट फाडल्यासारखं उघडं. गुरुजी उठून उभे राहिले आणि माझे आभार मानायला लागले. म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. असली गाडी मी एका नर्सला विकणार होतो, मला रात्रभर झोप नाही." सगळं नीट झाल्याशिवाय आता ते ती कोणालाच विकणार नाहीत. कधी होईल विचारलं, तर म्हणाले, झाली की.

आता बोला.

तुमची भाची

१८ मार्च

चि. भाचीबाई,

असा माणूस असतो का कुठे? मला तर हा पक्का बेरकी वाटतो. दुसरं गिऱ्हाईक लागलं असेल आणि तुला गोड बोलून वाटेला लावत असेल. नाहीतर कुठल्या शहाण्याने नावं ठेवली म्हणून गाडी उघडली? नावं ठेवायची असतात, ऐकायची नसतात. एवढं साधं त्यांच्याकडे शिकवत नाहीत?

आणि तूही. नावं ठेव म्हटलं तर एवढी मन लावून ठेवायची? अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तुला एक काम सांगितलं आणि ते नीट झालं असं तुझ्या जन्मापासून घडलेलं नाही.

आता जा आणि सांग, आहे तशी जोडून द्या, मला चालेल. दोष माझ्या पदरात घालून घेते म्हणावं. जरा रागावूनच सांग.

अक्षराचं म्हणशील तर मांडीवर पाटी घेऊन लिहितोय, टेबलावर मामीने पापड वाळत घातलेत. काळी गॅरेजला दिलीय, ऑइल बदलायला. बाकी ठीक.

तुझा मामा

२३ मार्च

ती. मामा,

तुम्ही सांगितलं तसं रागावून सांगितलं. त्यांनी मला चहा दिला.

आहे तशी देणार नाहीत. सीट त्यांनी स्वतः शिवली, चेन नवी घातली, आरसा घट्ट केला. रंगाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, कारण तो त्यांच्या बायकोने निवडला होता आणि ती आता नाही. मामा, मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. रंग खरंच चांगला आहे हो.

आणि आता गाडी अडलीय ती एकाच गोष्टीवर. आवाज. तो त्यांना सापडत नाही. रोज संध्याकाळी ते इंजिनाचा एकेक तुकडा हातात घेऊन पुसतात, उजेडात धरतात, परत ठेवतात. सापडल्याशिवाय इंजिन परत जोडणार नाहीत. "तुमचे कान चांगले आहेत, मला वयामुळे ऐकू येत नसणार," म्हणतात. सापडणार कसा? नव्हताच तो. तुम्ही म्हणालात, येत नसला तरी म्हण.

तिकडे सरकारी खिडकीवर वेगळाच तमाशा. गाडी नावावर करायला विमा लागतो. विमावाले म्हणतात, आधी गाडी नावावर करा. दोन्ही खिडक्या एकाच इमारतीत, एकीचा माणूस दुसरीकडे बोट दाखवतो आणि दोघेही तेच हसतात. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकदा जेवायच्या सुट्टीत बोला की. भाषा चुकली असावी, कोणी हसलं नाही.

आठवडा उरला. काल मोठ्या बाईंनी विचारलं, झालं का वाहन? मी म्हटलं, होतंय. टेकडीवरच्या आजींना कुणीतरी सांगितलंय की नवी नर्स येणार. कालपासून त्यांनी तोंड भिंतीकडे केलंय.

गुरुजींना खरं सांगू का? सांगितलं आणि त्यांनी हाकलून दिलं तर माझी गाडीही गेली, नोकरीही गेली. लवकर लिहा. आणि कृपा करून वाचता येईल असं लिहा, मागच्या पत्रातलं निम्मं अंदाजाने वाचलंय.

तुमची भाची

२५ मार्च

चि. भाचीबाई,

खरं अजिबात सांगू नकोस. व्यवहारात खरं सांगायला तू काय देवळात उभी आहेस? सांग की काही आवाज नुसते थंडीत येतात आणि ऊन पडलं की जातात. नाहीतर सांग की तुझ्याच कानात मळ होता. नर्सच्या कानात मळ असू शकतो.

दुसऱ्या गाड्याही बघून ठेव. एकीवर जीव टाकून बसायचं नाही, हे तुला सांगून सांगून माझी दाढी पिकली.

पेन खराब आहे. अक्षराचा विषय पुन्हा काढू नकोस.

तुझा मामा

(हे पान यांना न दाखवता पाठवतेय. फोटो मीच काढते म्हणून जमलं.

पोरी, पेन खराब नाही ग. यांचा उजवा हात थरथरतो. दिवाणखान्यात कप खाली पडला तेव्हा मला कळलं, त्यांना त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलंय. टेबलावर पापड वगैरे काही नाहीत. चार ओळी लिहायला सकाळ घालवतात, आणि मी आत आले की कागद उलटा ठेवतात.

काळी गॅरेजला नाही, विकायला काढलीय. परवा एक जण बघायला आला. सीट अशी, आरसा तसा, सुरू झाला. हे ऐकून घेत होते. मग त्याने कान लावला आणि म्हणाला, "काका, आतून आवाज येतोय." झालं. यांनी त्याला फाटकापर्यंत हाकलत नेला. "तुझ्या कानात आवाज येतोय, हिच्या पोटात नाही," म्हणून ओरडत होते. मग ओट्यावर काळीशेजारी बसून राहिले. जेवायला उठले नाहीत.

मला कळत नाही यांचं काय करू. तुझ्यावर कालही चिडले होते, पण तुझं पत्र आलं की आधी चष्मा शोधतात. — मामी)

३० मार्च

चि. भाचीबाई,

पत्र नाही, फोन नाही. मामीला विचारलं तर ती खांदे उडवते. गाडीचं काय झालं ते एका ओळीत कळव. जमलं नसेल तर नसेल. घर इथेच आहे, तुझी खोली मी भाड्याने दिलेली नाही. पण आधी कळव, तिष्ठत ठेवू नकोस.

तुझा मामा

२ एप्रिल

ती. मामा,

उशीर झाला, कारण हात ग्रीसने काळे होते.

मामीचं पान वाचल्यावर मी सरळ गुरुजींकडे गेले. ते एक तुकडा उजेडात धरून बसले होते. मी सांगून टाकलं, आवाज नव्हता. मी खोटं बोलले.

त्यांनी तो तुकडा खाली ठेवला, फडक्याला हात पुसले, परत पुसले. मग विचारलं, "का?" आता काय सांगणार? मी म्हटलं, आमच्याकडे वस्तू आवडली की तिला नावं ठेवतात. जितकी जास्त आवडेल तितकी जास्त. ते भडकले, मामा. एरवी हळू बोलणारा माणूस, पण माझ्या सगळ्या संध्याकाळी वाया घालवल्यास म्हणाले, बायकोची गाडी मी कसायासारखी फाडली म्हणाले. मीही भडकले. मी रडत रडत मराठीतच बोलायला लागले. तुमच्या गाडीपायी माझी नोकरी चाललीय, टेकडीवरच्या म्हातारीने तोंड फिरवलंय, आणि घरी माझ्या मामांचा हात थरथरतोय आणि ते मला पेन खराब आहे म्हणून सांगतात. त्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. पण ते खाली बसले, आणि मीही बसले.

मग त्यांनी विचारलं, "पहिल्या दिवशी बघितलीत तेव्हा मनात काय आलं होतं? खरं सांगा."

मी सांगितलं. लहानपणी मी अशाच गाडीच्या टाकीवर बसून हिंडले. मागे मामा, त्यांचे दोन्ही हात हँडलवर आणि मध्ये मी, त्यामुळे पडायची भीती कधी वाटलीच नाही. ही बघितली आणि मनात आलं, ही माझीच.

ते उठले आणि म्हणाले, "तो पाना द्या इकडे." रोज कामावरून सुटून मी तिथे जात होते. त्यांनी सांगायचं, मी आवळायचं. एकतीसला सकाळी ते स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर खिडकीवर आले. दोन्ही खिडक्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी जे सुनावलं ते मला सगळं समजलं नाही, पण दोन्हीकडे शिक्के बसले. ते हसू तेवढं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही.

काल पहिली तारीख. मोठ्या बाईंनी खिडकीतून गाडी बघितली आणि पेशंटची यादी माझ्या हातात दिली. टेकडी चढले. आजींनी आवाज ऐकून भिंतीकडचं तोंड वळवलं आणि पहिली शिवी दिली. जखम बरी आहे.

आता तुमच्याविषयी. मामीवर रागावू नका, मी तिला धमकावून सगळं वदवून घेतलं असं समजा. काळीला गिऱ्हाईक आहे. मी. सीट छान आहे, आरसा छान आहे, रंग छान आहे, आवाज कसलाही नाही. सांगाल तो भाव. गाडी ओट्यावरच राहील. मामीला चालवायला शिकवा. मागे तुम्ही बसा. आयुष्यभर तिला मागे बसवलंत, आता जरा तिची वेणी बघत फिरा.

आणि मामा, एक विचारायचंय. माझं अक्षर वाईट, माझा स्वभाव उतावळा, मला सांगितलेलं एकही काम धड जमत नाही. जन्मापासून तुम्ही मला नावं ठेवत आलात. मी इतकी वर्षं ते खरंच धरून चालले होते. गुरुजींसारखी सगळं उघडून बसायचे रात्री, आणि काही सापडायचं नाही. ते भाव पाडायला होतं का आवडत होते म्हणून, एवढं सांगा.

हिरवीचा फोटो जोडलाय.

तुमची भाची

७ एप्रिल

चि. भाचीबाई,

हे पत्र मी सांगतोय आणि मामी लिहितेय. हात थरथरतो. झालं समाधान? आता त्यावर सहानुभूतीची दोन पानं लिहू नकोस.

काळी विकायची नाही. तुलाही नाही. घरच्या माणसाशी व्यवहार करू नये. मामीला शिकवायला काढलंय, कारण ती ऐकेना. मैदानावर नेतो. क्लच असा सोडते की मी मागच्या मागे जाऊन पडायचा बाकी आहे. वळताना हात दाखवत नाही. काल एका म्हशीला हॉर्न देण्याऐवजी "अहो बाजूला व्हा" म्हणाली. (म्हैस झाली बाजूला. — मामी) मध्ये मध्ये लिहू नकोस, मी सांगतो तेवढंच लिही. (बरं.) आयुष्यात इतकी वाईट गाडी चालवणारं माणूस बघितलं नाही. (परवा बाजारापर्यंत गेलो होतो. कुणी विचारलं तर सांगतात, मीच तयार केलीय हिला.)

तुझ्या गुरुजींना माझा नमस्कार सांग. माणूस बेरकी नाही, मी चुकलो.

तू शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर मी सांगणार नाही. असलं काही तोंडाने सांगायची मला सवय नाही.

तुझा मामा

(पोरी, सांगणार नाही म्हणाले आणि कागद ओढून घेतला. तुझा फोटो समोर ठेवलाय, गाडीवर बसलेला. खालची ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलीय, मला पेनाला हात लावू दिला नाही. वाचता आली नाही तर विचार. — मामी)

गाडी चांगली आहे. तू पण. आतून कसलाही आवाज येत नाही.